उजेडाची बेरीज

डिफ्यूज फिल्टर नावाचा पास, म्हणजे संगणकानं काढलेल्या चित्राचा एक सुटा थर, मी पहिल्यांदा एकटा उघडून पाहिला तेव्हा जरा दचकलोच. दिवाणखाना होता. सोफा, उशा, टीव्हीचं युनिट, पडदे, फरशी, सगळं जिथल्या तिथे. पण त्यात उजेडच नव्हता, आणि उजेड नसूनही सगळं दिसत होतं. सोफ्याखाली सावली नाही. उशीला फुगवटा नाही. काच आणि स्टील ठार काळं. चित्रकलेच्या वहीत पोरानं रेघेच्या आत खडू भरावेत तशी खोली. रात्र म्हणावी तर रंग ठसठशीत, दिवस म्हणावा तर कशालाच सावली नाही.

असं दृश्य कुणी डोळ्यांनी पाहिलेलं असणं शक्य नाही. उजेड पडल्याशिवाय रंग दिसत नाही, हे आपण शाळेत शिकतो. संगणकाला मात्र वस्तूचा रंग आधीच ठाऊक असतो, उजेड तो नंतर हिशेबात धरतो. त्या हिशेबातलं एक कच्चं पान माझ्या हाती लागलं होतं.

मी थ्रीडीवाला. व्हिजिटिंग कार्डावर ‘आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझर’ असं लांबलचक छापलंय, पण बिल्डर, आर्किटेक्ट, इंटिरियरवाले, साईटवरचा सुपरवायझर, सगळ्यांच्या तोंडी ‘थ्रीडीवाल्याला सांगा’ एवढंच. ज्या घराचा अजून पायाही खणलेला नाही त्याचा फोटो काढून द्यायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं मॉडेल केलं, रेंडर मारला, म्हणजे त्याचं चित्र काढायला संगणकाला बसवलं, झालं चित्र. रेंडर मारणं म्हणजे बटण दाबून झोपायला जाणं, हे खरंय. (२०२० च्या उन्हाळ्यात मी जिन्यात उभा राहून फोनवर म्हणालो होतो, “कोरोना लावून ठेवलाय, सकाळपर्यंत होईल.” वर चढणारे शेजारचे काका तिथूनच परत फिरले. आमच्या या सॉफ्टवेअरचा जन्म प्रागमधला, नाव बरंच जुनं, पण काकांना ते कोण समजावणार?) सकाळी उठून पाहावं तर हातात नुसतं चित्र येत नाही, चित्रांची चळत येते.

त्या चळतीत डिफ्यूज हे एक पान. दुसरं रॉ लाईटचं. त्यात रंग नसतो, फक्त दिव्यातून किंवा सूर्यातून थेट पडलेला उजेड; सोफ्यापासून फुलदाणीपर्यंत सगळ्याला चुना फासल्यासारखं दिसतं. तिसरं रॉ जीआयचं, म्हणजे उडून आलेल्या उजेडाचं: फरशीवर आपटून छताला लागलेला, छतावरून भिंतीवर उतरलेला, भिंतीवरून सोफ्याच्या पाठीवर आलेला. माझं सगळ्यात आवडतं पान हेच. ढगाळ दुपारी दार लोटून घेतलेल्या घरात असतो तसा मऊ उजेड त्यात असतो. मग रिफ्लेक्शन. मिट्ट काळोखात तरंगणारी भुतं: फरशीत उलटी खिडकी, बंद टीव्हीत लटकलेला दिवा. रिफ्रॅक्शनमध्ये काचेतून आरपार आलेलं, स्पेक्युलरमध्ये चकाकीचे ठिपके, सेल्फ इल्युमिनेशनमध्ये स्वतःच पेटलेल्या वस्तू. याशिवाय झेड-डेप्थ, नॉर्मल्स, आयडी असली पानं असतात. ती बेरजेत धरायची नसतात, ती शिंप्याच्या खडूच्या खुणांसारखी. कापायला उपयोगी, कपड्यावर दिसायला नकोत.

आणि बेरीज अशी. रंग गुणिले थेट उजेड, अधिक रंग गुणिले उडून आलेला उजेड, अधिक प्रतिबिंब, अधिक आरपार आलेलं, अधिक चकाकी, अधिक स्वतःचा उजेड. उत्तराला आमच्या धंद्यात ‘ब्युटी’ म्हणतात. नाव जरा बटबटीत आहे.

मी ज्या स्टुडिओत उमेदवारी केली तिथला सीनियर नवीन पोराला पहिल्या आठवड्यात एकच काम द्यायचा. तयार ब्युटी पास आणि बाकीची चळत हातात द्यायची आणि सांगायचं, जोड. जोडून झालं की वर ब्युटी ठेव, डिफरन्स मोडला टाक, आणि मला बोलाव. दोन चित्रं तंतोतंत सारखी असतील तर त्यांची वजाबाकी शून्य, म्हणजे पडदा संपूर्ण काळा. मी बोलावलं तेव्हा पडद्यावर राखाडी भूत बसलं होतं. सोफ्याच्या कडा, खिडकीची चौकट, छताचा पीओपी, सगळं अर्धवट उजळून माझ्याकडे बघत होतं. तो म्हणाला, “बेरीज बरोबर आहे तुझी. आकडे चुकीचे घेतलेस.”

हे समजायला मला दोन दिवस लागले. पडद्यावर आपण जे आकडे पाहतो, ० ते २५५, ते उजेडाचे आकडे नसतात. आपला डोळा अंधारातले फरक बारकाईनं टिपतो आणि उजेडातले सोडून देतो, म्हणून चित्र साठवतानाच ते आकडे त्या अंगानं वाकवलेले असतात. पडद्यावरचा १२८ म्हणजे निम्मा उजेड असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो पुऱ्या उजेडाच्या साधारण २१-२२ टक्केच असतो. आता दोन दिव्यांचे दोन पास घ्या, दोन्हींत एकाच भिंतीवर १२८. सरळ बेरीज केली तर २५६, भिंत पांढरीफटक. उजेडाच्या खऱ्या हिशेबानं बेरीज केली तर उत्तर येतं १७६ च्या आसपास. खोलीत एक ट्यूब असताना दुसरी लावली तर खोली दुप्पट उजळ झाली असं कधी वाटतं का? नाही वाटत. एवढी घरगुती गोष्ट, रोज संध्याकाळी अनुभवलेली, पण ती मला ३२ बिटची फाईल उघडल्यावर कळली.

म्हणून पास जेपेगमध्ये साठवायचे नसतात. आम्ही ईएक्सआर वापरतो. इंडस्ट्रियल लाईट अँड मॅजिक या सिनेमाच्या ट्रिका करणाऱ्या कंपनीनं स्वतःच्या गरजेपोटी हा प्रकार तयार केला आणि २००३ मध्ये सगळ्यांना मोफत खुला केला. जेपेगमध्ये पांढऱ्यापलीकडे काही नाही; खिडकीबाहेरचं आकाश पांढरं आणि टेबलावरचा कागदही पांढरा. ईएक्सआरला मात्र माहीत असतं की कागद एक असेल तर आकाश दहा-पंधरा आहे, आणि सूर्य तर कुठल्या कुठे. त्यातल्या १६ बिटच्या घरात ६५,५०४ पर्यंतचा आकडा मावतो. त्यामुळे नंतर उजेड खाली ओढला तर आकाशात निळं परत येतं. जेपेगमधलं आकाश खाली ओढलं तर ते नुसतं मळकं होतं.

आकाश जळण्याचं हे दुखणं फोटोइतकंच जुनं आहे. १८५० च्या दशकातल्या कोलोडियनच्या काचा, म्हणजे रसायन फासलेल्या तेव्हाच्या निगेटिव्ह, निळ्या रंगाला फार हळव्या होत्या. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार जळून जायचं, आणि आकाश नीट घेतलं तर समुद्र काळा. ग्युस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरनं १८५६-५७ च्या सुमारास यावर सरळ उपाय काढला: आकाशाची निगेटिव्ह वेगळी, समुद्राची वेगळी, आणि कागदावर छापताना क्षितिजाच्या रेघेवर दोन्ही जोडायच्या. लोक ती समुद्रचित्रं पाहून थक्क झाले. मला ती पाहताना आधी क्षितिज तपासावंसं वाटतं. सवय वाईट.

आपल्याकडे याच जातीचं काम मळवलीला चालायचं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती तिथल्या, किंवा तिथल्या नकलेच्या. एका चित्रासाठी दगड अनेक; प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. कागद एकेका दगडावरून जायचा आणि दरवेळी थोडा थोडा देव व्हायचा. एखादा दगड केसभर सरकला की ओठांचा लाल गालावर. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे पुढे सिनेमावाले दादासाहेब झाले ते, याच छापखान्यासाठी काम करत होते. पुढे पडद्यावर त्यांनी ज्या ट्रिका केल्या त्यामागे दगडांवरचा हा हात असेल, असं मला उगाच वाटतं. आमच्या चळतीत आणि त्या दगडांत फरक एकच, पण मोठा: तिथे प्रत्येक थर कागदाचा थोडा उजेड खातो, शेवटी काळोखाकडे जातो, आमच्याकडे काळ्यापासून सुरुवात आणि प्रत्येक थर उजेड वाढवतो.

थर जोडताना कड कशी सांभाळायची याचं गणित मात्र बरंच उशिरा लिहिलं गेलं. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये ते मांडलं. लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांसोबत, वरचं चित्र कुठे किती झाकतं हे सांगणारा अल्फा नावाचा चौथा आकडा त्याआधीच, सत्तरच्या दशकात, एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी काढला होता. बाल्कनीबाहेर गुलमोहर लावला आणि पानांभोवती पांढरे धागे लोंबताना दिसले, की समजावं, कुणीतरी या गणितात रंगाला अल्फानं गुणायचं विसरलंय. पुण्यातल्या निम्म्या होर्डिंगांवरच्या झाडांना असली पांढरी लव असते. एकदा दिसली की मग सगळीकडे दिसते. आता तुम्हालाही दिसेल, त्याबद्दल क्षमस्व.

सगळ्यात जास्त पाप मी ज्या पासबरोबर केलं तो म्हणजे अँबियंट ऑक्लूजन. व्ही-रे या रेंडरच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो ज्या मॅपनं काढतात त्याचं नावच ‘डर्ट’, मळ. कल्पना साधी: जिथे दोन पृष्ठभाग जवळ येतात, कोपरे, सांधे, सोफ्याचे पाय, तिथे आकाश कमी दिसतं, म्हणून तिथे अंधार भरायचा. हा पास मल्टिप्लाय करून, म्हणजे खालच्या चित्राशी गुणून, वर टाकला की चित्र एकदम ‘बसतं’. हवेत तरंगणाऱ्या वस्तू जमिनीला टेकतात. सुरुवातीच्या दोन वर्षांत मी तो मसाल्यासारखा वापरला. प्रत्येक चित्रात, शंभर टक्के. क्लाएंट खूश व्हायचे, कारण सगळं कोरीव दिसायचं.

एका रविवारी दुपारी घरी लोळत होतो. समोर भिंती आणि छत मिळून झालेला कोपरा. पांढरा डिस्टेंपर, वर्षभरापूर्वी मारलेला. दार अर्धं उघडं. नजर तिथे खिळली होती म्हणून नुसता बघत राहिलो, आणि लक्षात आलं की कोपरा काळा नाहीये. माझ्या चित्रांतल्या प्रत्येक कोपऱ्यात काजळी होती, आणि इथे खऱ्या कोपऱ्यात जवळजवळ काहीच नव्हतं. एक बारीक रेघ, तीही एका भिंतीवर ऊन जास्त होतं म्हणून. मग हिशेब उलगडला. पांढऱ्या भिंती एकमेकींना उजेड देतात. कोपऱ्यात आकाश कमी दिसतं हे खरं, पण शेजारची भिंत जास्त दिसते, आणि ती पांढरी आहे. ऑक्लूजनला ही देवाणघेवाण ठाऊक नसते. त्याला फक्त अडवणूक कळते. जी सावली खरी आहे ती उडून आलेल्या उजेडाच्या पानात आधीच धरलेली असते. मी तिच्यावर दुसरी सावली सांडत होतो. आमच्या घरी कुठल्या कोपऱ्यात खरा काळेपणा आहे ते मग शोधलं: देवघराच्या वर, उदबत्तीचा, आणि फ्रिजच्या मागे. दोन्हींचा उजेडाशी संबंध नाही.

आता मी तो पास ठेवतो, पण लाकडाच्या सांध्यांपुरता, खिडकीच्या ट्रॅकपुरता, गवताच्या मुळापुरता. भिंतींना हात लावत नाही.

संध्याकाळची चित्रं हा वेगळाच प्रांत. प्रत्येक बिल्डरला एक तरी हवंच: बाहेर जांभळट निळं आकाश, आत सोनेरी दिवे. यासाठी आम्ही प्रत्येक दिव्याचा पास वेगळा काढतो. आकाश एक, सूर्य एक, फॉल्स सीलिंगमधला कोव्ह लाईट एक, स्पॉट एक, डायनिंगवरचा लटकता दिवा एक, कोपऱ्यातला उभा लॅम्प एक. उजेड बेरजेत वागतो म्हणून रेंडर झाल्यावरही कुठला दिवा मंद करायचा, कुठला पिवळा, कुठला पार बंद, हे बसल्या जागी ठरवता येतं. गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची पट्टी वेगळी आणि पेटीची वेगळी असते तसं.

या चित्रांत दिवे नेहमी तीन हजार केल्विनचे, तुपाच्या रंगाचे. खऱ्या घरात मात्र साडेसहा हजारची पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब असते, आणि ती लावल्याशिवाय वरण शिजत नाही. शिवाय आपली तिन्हीसांज फार आखूड. पुण्यात सूर्य बुडाल्यापासून दिवे लावावेच लागतील इतका अंधार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. युरोपात हीच वेळ उन्हाळ्यात कितीतरी लांबते. आम्ही वापरतो ती तयार आकाशं बरीचशी तिकडची. त्यातले ढग उंच, विरळ, फणीनं विंचरलेले. बालेवाडीवर ते आले की मला चित्रात कुणीतरी परप्रांतीय पाहुणा आल्यासारखं वाटतं.

तर एक प्रकल्प होता, तिसरा व्ह्यू, दिवाणखाना, बाल्कनीचा मोठा सरकता दरवाजा, संध्याकाळ. सगळे पास जुळवले. पण फरशी मेलेली वाटत होती. दिव्यांचा उजेड मऊ, आकाशाचा मऊ, कुठेच धार नाही. मग मी सूर्याचा पास उघडला, जो खरं तर बंदच असायला हवा होता, आणि गुपचूप आठ टक्के चढवला. बाल्कनीतून फरशीवर एक तिरपा पट्टा उमटला. फरशी जिवंत झाली. मी स्वतःवर खूश.

बायको चहा ठेवायला आली. तिला थ्रीडीतलं काही कळत नाही, आणि रात्री अकराला माझ्या कामात तिला रसही नसतो. ती जाता जाता म्हणाली, “सकाळचं आहे का? मग दिवे का लावलेत?”

मी म्हटलं, संध्याकाळ आहे, आकाश बघ की. तिनं बघितलं. “मग हे ऊन कुठून आलं?”

मी प्लॅन उघडला. बाल्कनी पूर्वेला. ब्रोशरमध्ये तर ते विकण्याचं कलम होतं, सूर्योदयाचा व्ह्यू. संध्याकाळी सात वाजता पूर्वेकडून ऊन आत आणून मी फरशीवर पसरलं होतं. “काय दिवे लावलेस!” या वाक्प्रचाराचा इतका शब्दशः उपयोग करायची संधी तिनं सोडली, हे तिचे उपकार.

दिशेची चूक ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. पुण्यातल्या पुण्यातसुद्धा गंमत असते: मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि ज्या दोन दिवशी तो बरोबर डोक्यावरून जातो त्या दिवशी खांबाची सावली खांबाखालीच लपते. मी उमेदवारीत असताना एका ऑस्ट्रेलियन आर्किटेक्टचं घर आलं होतं, सिडनीजवळचं. तिथल्या उजेडाचा विचार न करता मी हाताच्या सवयीनं दक्षिणेकडून कोवळं ऊन सोडलं. दिवाणखान्याची सगळी काच उत्तरेला होती आणि मला तो डिझायनरचा वेडेपणा वाटला. उत्तरादाखल एका ओळीचा मेल आला: तुम्ही आमचं घर पुण्यात बांधलंय. तिथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून तिथे उत्तरेचं घर महाग. शाळेच्या भूगोलात हे वाचून मी पूर्ण मार्कही मिळवले होते.

असो. सूर्य शून्यावर आणला, कोव्ह लाईट थोडा वाढवला, फरशीला तिचं प्रतिबिंब जरा जास्त दिलं, आणि व्ह्यू तीन मंजूर झाला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मार्केटिंगमधून फोन. सोफा विटकरी आहे तो मोरपंखी करा, फ्लेक्स उद्या सकाळी छापायला जाणार. त्या व्ह्यूचा पूर्ण रेंडर अकरा तासांचा, मधे वीज गेली तर देवच वाली. पण घाबरायचं कारण नव्हतं, क्रिप्टोमॅट होतं. २०१५ मध्ये सायॉप या स्टुडिओतल्या दोघांनी काढलेली ही युक्ती: प्रत्येक वस्तूचं नाव चित्राच्या कणाकणात लिहून ठेवायचं, अर्ध्यामुर्ध्या कडेसकट, म्हणजे नंतर सोफ्यावर क्लिक केलं की फक्त सोफाच निवडला जातो. पडद्याची झालरसुद्धा सोबत येत नाही. सोफा निवडला. डिफ्यूजमध्ये रंग बदलला. सोफा मोरपंखी. पाच मिनिटं.

मग भिंतीकडे लक्ष गेलं. सोफ्यामागची पांढरी भिंत खालच्या बाजूला विटकरी झाक घेऊन उभी होती. बरोबरच होतं तिचं. रात्रभर चाललेल्या हिशेबात उजेड विटकरी सोफ्यावर आपटून तिच्याकडे गेला होता. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये रेंडरिंगचं जे समीकरण मांडलं त्याचा अर्थ मला समजतो तो इतकाच: कुठल्याही बिंदूवरचा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा, अधिक चहूकडून आलेला, आणि जो चहूकडून आला तो ज्या बिंदूंवरून आला त्यांचाही हिशेब हाच. म्हणजे खोलीतली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर थोडी थोडी लागलेली असते. पास वेगळे काढले म्हणून आपल्याला वाटतं वस्तू वेगळ्या झाल्या. रंग वेगळा झाला होता. त्याचं बाकीच्या खोलीत मिसळणं वेगळं झालं नव्हतं, ते उडालेल्या उजेडाच्या पानात विरघळून बसलं होतं. सोफा गेला आणि त्याचा शेजार राहिला.

भिंतीवरची झाक मी हातानं पुसली. छतावर अगदी पुसटशी होती, तीही. उशीची एक कड. बारा वाजून गेले होते. पीएसडी सेव्ह केली, टिफ पाठवली, झोपलो.

पंधरा दिवसांनी साईटसमोरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा पत्र्याच्या कुंपणावर माझं चित्र लागलं होतं. चाळीस फूट बाय वीस. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि ‘आर्टिस्ट्स इम्प्रेशन’. रेराच्या कायद्यात बारावं कलम आहे: जाहिरातीतल्या किंवा नमुन्याच्या घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्यात त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या सूचना थोड्या बदलल्या. समोर नसलेला तलाव आता कुणी मागत नाही, पलीकडचा नाला झाडांनी झाकून द्या म्हणतात. ऊन, सावली आणि संध्याकाळ यांबद्दल कायदा काही म्हणत नाही.

मोरपंखी सोफा छान दिसत होता. त्याच्यासमोर टीपॉय, काचेचा. आणि टीपॉयच्या काचेत, सहा फूट लांबीचा, स्वच्छ, ठळक, विटकरी सोफा.

रिफ्लेक्शनचं पान मी उघडलंच नव्हतं.

सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले. त्यानंतर महिनाभर मी फोनची वाट पाहिली. कुणाचाच आला नाही. मार्केटिंगचा नाही, आर्किटेक्टचा नाही, घर घेणाऱ्यांपैकी कुणी विचारलं असं ऐकलं नाही. बायकोला मुद्दाम तिकडून नेलं आणि गाडी हळू केली. ती म्हणाली, “हे तेच ना, सकाळचं-संध्याकाळचं?” आणि पलीकडे भाजीवाल्याकडे बघू लागली. मला मात्र जाता-येता दुसरं काही दिसेना. समोर एक सोफा आणि काचेत दुसरा. आता मी रंग बदलायचा म्हटलं की अकरा तास मागून घेतो. मिळतातच असं नाही. नाही मिळाले तर पाच पानं उघडून बसतो, आणि प्रतिबिंबापासून सुरुवात करतो.

इमारतीचं काम लांबलं. फ्लेक्स तिथेच राहिला, दोन उन्हाळे. पश्चिमेकडून दुपारनंतरचं ऊन थेट त्याच्यावर. फ्लेक्सच्या शाईत पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात, निळा सगळ्यात चिवट. पहिल्या उन्हाळ्यात फॉल्स सीलिंगमधलं सोनं गेलं, मग लटकत्या दिव्याचं, मग कोपऱ्यातल्या लॅम्पचं. मी इतक्या हौसेनं एकेक करून चढवलेले दिवे उन्हानं एकेक करून मालवले. भिंत निळसर झाली, फरशी निळसर, मोरपंखीतला पिवळा उडून सोफा नुसता निळा.

गेल्या आठवड्यात त्याच सिग्नलला थांबलो होतो. एका कोपऱ्यातून फ्लेक्स सुटून फडफडत होता. टीपॉयची काच मात्र अजून ताठ होती, आणि तिच्यातला सोफाही आता निळाच होता.